शेलचेक: फायलींच्या नावांत स्पेस असेल तर लावाच

शेलचेक म्हणजे शेल स्क्रिप्टांतल्या चुका दाखवणारं टूल. आमच्या फोटो लॅबचा रात्रीचा बॅकअप बॅश स्क्रिप्टांवर चालतो (बॅश हे कमांड चालवणारं शेल, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी फायलीत लिहून ठेवलेल्या कमांडा). आणि फोटोग्राफर मंडळी नावं देणार ती अशी: 'जाधव हळद फायनल २.जेपीजी'. बॅशमध्ये व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) कोट्सविना लिहिलं की स्पेस, टॅब, नवी ओळ जिथे दिसेल तिथे त्याचे तुकडे पडतात. मग आरएमला (फायली पुसणारी कमांड) एक फाइल पुसायला सांगितली तरी ती चार शोधत फिरते, आणि त्यातलं एखादं नाव फोल्डरमध्ये खरंच असलं तर ती फाइल गेलीच!

शेलचेक नेमकं हेच पकडतं. फुकट, ओपन सोर्स. स्क्रिप्ट चालवत नाही, नुसती वाचतं, म्हणून बिनधास्त लावा. वारशात मिळालेल्या आमच्या स्क्रिप्टांवर सोडलं तर स्क्रीनभर एकच आकडा: एससी २०८६, म्हणजे 'इथे डबल कोट्स घाला'.

बॅशचा तिरसटपणा तर विचारूच नका. व्हेरिएबलमध्ये किंमत भरताना = च्या आजूबाजूला स्पेस चालत नाही. उलट चौकटी कंसात तुलना करताना स्पेस सोडली नाही, तर सगळा मजकूर एकच शब्द धरला जातो आणि अट कायम खरी ठरते. एरर नाही, काही नाही. हे डोळ्यांनी शोधत बसायचं म्हणजे शिक्षाच. शेलचेक ओळ आणि रकाना दाखवतं. वेबवरून कॉपी केलेल्या कोडातली नॉन-ब्रेकिंग स्पेसही ओळखतं, पुसून पुन्हा टाइप करा म्हणतं. माझे पैसे (शून्य) तिथेच वसूल झाले.

दुरुस्त्या डिफच्या रूपात (जुनी ओळ, नवी ओळ अशी यादी) काढून देतं, पण त्या डोळे झाकून लावू नका. आरसिंकचे (फायली कॉपी करणारी कमांड) चार पर्याय एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवले असतील, तर कोट्स घातल्यावर ते चारही मिळून एकच पर्याय होतात आणि कमांड अडते. तिथे अ‍ॅरे (प्रत्येक किंमत सुटी ठेवणारी यादी) वापरा.

खरी उणीव एकच, झेडशेल (बॅशसारखंच दुसरं शेल) त्याला चालत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट तोच. आमच्या डिझाइनवाल्यांच्या मॅकवर म्हणूनच मी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहायला लावतो, कुरकुर करतात, पण लिहितात.