भुजचे स्मृतिवन : दहावीच्या वर्षी भूकंप अनुभवलेल्या एका प्रेक्षकाचा अभिप्राय

भुजला लागून असलेल्या भुजिया डुंगरावर ४७० एकरांत उभारलेल्या स्मृतिवनाचे आणि तेथील भूकंप संग्रहालयाचे उद्घाटन २८ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्यानंतर दोन हिवाळे मी तेथे जाण्याचे टाळले. तिसऱ्या हिवाळ्यात ताईने परस्पर गाडीची तिकिटे काढली आणि मला कळवले, तेव्हा कुठे आम्ही दोघी बहिणी गेलो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा ताई बारावीत होती आणि मी दहावीत. आमचे मराठी कुटुंब दोन पिढ्यांपासून अहमदाबादेत राहत होते, आणि भूकंपाचे केंद्र तेथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असूनही आमच्या शहरात सातशेहून अधिक माणसे गेली. त्यामुळे हा अभिप्राय तटस्थ प्रवाशाचा नाही, हे आधीच सांगते.

सर्वप्रथम एक सूचना. बहुतेक जण थेट संग्रहालयात शिरतात आणि बाहेर आल्यावर, वेळ उरलाच तर, डोंगराकडे पाहतात. तसे करू नका. सकाळी लवकर जा, आधी डोंगर चढा. वाटेत पावसाचे पाणी अडवण्यासाठी दगडी बांधांचे पन्नास लहान जलाशय केलेले आहेत आणि भूकंपात मृत्युमुखी पडलेल्या जवळपास १३,००० जणांची नावे तेथील भिंतींवर लावलेली आहेत. वास्तुविशारद राजीव काठपालिया यांच्या या आराखड्याचे मोठेपण मला येथेच जाणवले. एकच उंच स्तंभ उभारून त्याच्यापुढे मान झुकवायला लावण्याऐवजी त्यांनी नावे चढणीवर पसरून दिली आहेत, त्यामुळे ती वाचायची तर चालावे लागते, थांबावे लागते, दम लागतो. ओळीने येणारी एकाच आडनावाची नावे वाचताना ताईचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि पुढचे तीन-चार जलाशय आम्ही एकही शब्द न बोलता पार केले.

संग्रहालयाची सात दालने आहेत. पृथ्वीची जडणघडण सांगणाऱ्या पहिल्या दालनापासून गुजरातचा भूगोल, भूकंपानंतरची अवस्था, पुनर्बांधणी, आपत्तीची पूर्वतयारी, भूकंपाचा प्रत्यय आणि शेवटी श्रद्धांजली असा त्यांचा क्रम आहे. मांडणी देखणी आहे, आणि पुनर्बांधणीचे दालन मी सर्वांत जास्त वेळ पाहिले, कारण पुढे मी वास्तुरचनाच शिकले. भुजच्या जुन्या अरुंद गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते आखताना किती घरमालकांना आपल्या जमिनीचा तुकडा सोडावा लागला असेल, याचा विचार नकाशापुढे उभे राहिल्यावाचून येत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी पहिली दोन दालने भराभर पाहिली तरी चालेल. या दालनाला मात्र पुरेसा वेळ द्यावा.

भूकंपाचा प्रत्यय देणाऱ्या दालनाविषयी सविस्तर लिहायला हवे. पायाखालची जमीन हादरते, सभोवती दृश्ये आणि आवाज उठतात, आणि तंत्र म्हणून ते निःसंशय प्रभावी आहे. ज्यांनी भूकंप कधी अनुभवला नाही, विशेषतः आजच्या शाळकरी मुलांनी, ते अवश्य पाहावे. ताई आत आली नाही, ती बाहेर बसून राहिली. मी गेले, आणि मला उमगले की येथे जे दाखवता येणार नाही ते म्हणजे अज्ञान. या दालनात उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे थोड्याच वेळात थांबणार आहे याची खात्री असते. २००१ च्या त्या सकाळी आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी आम्ही शाळेच्या मैदानात ध्वजवंदनासाठी रांगेत उभ्या होतो, तेव्हा खालून घरघर सुरू झाली आणि हे काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. ट्रक येतो आहे असे समजून मी फाटकाकडे पाहिले होते.

भूकंप अनुभवलेला कोणी सोबत असेल, तर त्याला या दालनाचा आग्रह करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंधराव्या वर्षी अशा प्रसंगातून जाणे म्हणजे काय, हे मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री सगळी सोसायटी मोकळ्या मैदानात गोधड्या घेऊन झोपली होती, थंडी कडाक्याची होती, आणि सगळ्या मैत्रिणी एकत्र आहेत, अभ्यासाला सुट्टी आहे, या विचाराने मला चक्क आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मणिनगरमधील एका शाळेची इमारत कोसळून विद्यार्थी गेल्याचे कळले आणि त्या आनंदाची जी लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही. लहान मुलांना आया पदराखाली घेत होत्या, मोठी माणसे ढिगाऱ्यांकडे धावत होती. आमच्या वयाच्या मुलामुलींना मात्र कोणी जवळही घेत नव्हते आणि कामही देत नव्हते. चौथ्या दिवशी कच्छला पाठवण्यासाठी सुखडीची (गूळ-कणकेच्या वड्यांची) पाकिटे भरायला कोणीतरी आम्हांला बसवले. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही. आमच्या घराखालची जागा गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळी सोडलेली होती आणि शहरातल्या अनेक पडलेल्या इमारतींचा घात त्याच रचनेने केला होता, हे मला कॉलेजात कळले. पंधराव्या वर्षी विचारले, तेव्हा सगळ्यांनी देवाची मर्जी म्हणून विषय संपवला होता.

म्हणूनच स्मृतिवन पाहून झाल्यावर अंजारला गेल्याशिवाय परतू नये, असे मी आग्रहाने सांगेन. भुजपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या या गावात त्या सकाळी शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरे तिच्यावर कोसळली; १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वीर बाळक स्मारकाचे उद्घाटनही त्याच २८ ऑगस्टला झाले. आमच्यासारखाच गणवेश, हातात तसेच कागदी झेंडे, तीच वेळ. आम्ही मैदानात होतो आणि ती गल्लीत होती, एवढाच फरक.

प्रवासाविषयी थोडेसे. कच्छच्या पांढऱ्या रणात धोरडोला भरणाऱ्या रणोत्सवाला जाता-येता दीड तासात हे उरकण्याचा बेत अनेक जण करतात. किमान अर्धा दिवस राखून ठेवा. डोंगरावर ऊन लागते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी आणि चालायला सोयीची पादत्राणे असू द्यावीत. ज्येष्ठांना सगळी चढण झेपणार नाही, परंतु खालचे काही जलाशय पाहणेही पुरेसे आहे. आठवी-नववीच्या पुढची मुले सोबत असतील, तर त्यांना नावांच्या भिंतीपाशी घाई करू नका, आणि त्यांनी काही विचारले तर ठाऊक आहे तेवढे खरे सांगा.

उतरताना ताईने मला विचारले, "त्या रात्री मैदानात तू हसत होतीस, आठवतं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मीसुद्धा हसत होते गं."