बीएमसीसाठी वेब सर्व्हर: बीएमसीवेब की लायटी?

सर्व्हरच्या मदरबोर्डवरील बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजेच बीएमसी, मुख्य प्रोसेसर बंद असतानाही चालू असतो आणि यंत्राचा वीजपुरवठा, फर्मवेअर व कन्सोल यांवर त्याचा ताबा असतो. म्हणून त्यावरचा वेब सर्व्हर निवडताना वेगापेक्षा त्याची संरचना कुठे ठरते आणि पुढे ती कोण सांभाळणार, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ओपनबीएमसी या बीएमसीसाठीच्या मुक्त फर्मवेअरमधील बीएमसीवेब हा सी++ मध्ये लिहिलेला सर्व्हर टीएलएस (जोडणीचे कूटबंधन), लॉगिन, रेडफिश (सर्व्हर-व्यवस्थापनाचा प्रमाणित वेब इंटरफेस), केव्हीएम (दुरून स्क्रीन, कीबोर्ड व माउस वापरण्याची सोय) आणि सिरियल कन्सोल हे सारे एकाच प्रोसेसमध्ये हाताळतो व हार्डवेअरची माहिती डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रॅमांमधील संदेशवहनाच्या यंत्रणेतून, घेतो. त्याचे बहुतेक निर्णय मेसन या बिल्ड साधनाच्या पर्यायांतून, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार (बिल्ड) करतानाच, होतात. नको असलेली सुविधा तेव्हाच वगळता येते, हा सुरक्षेच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. मात्र त्याची किंमतही आहे: विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा 30 एमबी असल्याने फर्मवेअरची इमेज त्याहून मोठी असेल, तर मर्यादा वाढवून पुन्हा बिल्ड करावे लागते. टीएलएसचे प्रमाणपत्र नसल्यास तो स्वतःच्याच सहीचे (सेल्फ-साइन्ड) प्रमाणपत्र तयार करतो. ते रेडफिशमधून बदलता येते आणि बदलावेच.

लायटी, म्हणजे lighttpd हा सर्वसाधारण वापराचा हलका वेब सर्व्हर. त्याचे सारे काही कॉन्फिग फाइलमध्ये असते, त्यामुळे पोर्ट किंवा टीएलएसची मांडणी बदलायला नवे बिल्ड लागत नाही. परंतु रेडफिश, सेशन आणि वापरकर्त्यांचे अधिकार फास्टसीजीआयमागच्या (वेब सर्व्हरला वेगळ्या प्रोग्रॅमशी जोडणाऱ्या पद्धतीमागच्या) प्रोग्रॅममध्ये आपल्यालाच लिहावे लागतात. शिवाय मूळ मांडणीत तो मोठी विनंती आधी तात्पुरत्या फाइलीत पूर्ण साठवतो, आणि बीएमसीवर ती जागा बहुधा रॅममध्येच असते. तेव्हा अपलोडसाठी स्ट्रीमिंगचा पर्याय सुरू केल्याशिवाय मोठे फर्मवेअर पाठवू नये.

लायटीच्या 1.4.51 या आवृत्तीत 2018 मध्ये मेमरीसंबंधीचा एक दोष दुरुस्त झाला होता, पण तेव्हा त्याला सीव्हीई (सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतला) क्रमांक मिळालेला नसल्याने जुनी आवृत्ती काही बीएमसी फर्मवेअरमध्ये तशीच राहिली आणि ही गोष्ट 2024 मध्ये उघडकीस आली. त्यामुळे केवळ सीव्हीईच्या याद्यांवर विसंबून लायटी वापरणे मी योग्य मानत नाही.

ओपनबीएमसीवर नवे उत्पादन उभारणाऱ्यांनी बीएमसीवेबच घ्यावा. फास्टसीजीआयवरचा जुना, तपासलेला कोड हाती असेल आणि रेडफिशची सक्ती नसेल, तर लायटी पुरेसा आहे. फक्त त्याची प्रत्येक नवी आवृत्ती तपासून फर्मवेअरमध्ये आणण्याची जबाबदारी आधीच कोणाकडे तरी सोपवलेली असावी.