कोलारची सोन्याची खदान: खदानीच्या माणसांनी एकदा जाऊन यावे

भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या मॅंगनीज खदानीत पिंजऱ्याच्या, म्हणजे माणसांना खाली-वर नेणाऱ्या पाळण्याच्या, इंजिनावर ३१ वर्षे काढून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांना कर्नाटकातली कोलारची सोन्याची खदान एकदा डोळ्यांनी पाहायची होती. त्यांना इंजिन शिकवणारे उस्ताद नेहमी म्हणायचे, की आपला पिंजरा म्हणजे विहिरीतला पोहरा आहे, खरा पिंजरा कोलारला, जो तीन किलोमीटर खाली जातो. उस्ताद गेले, कोलारची खदानही बंद पडली, बाबांचे गुडघे दुखू लागले आणि जाणे राहूनच गेले. अखेर गेल्या दिवाळीच्या सुटीत शाळेची कामे आवरून मी त्यांना आणि त्यांच्यासोबत एकाच पाळीत काम केलेल्या दोन काकांना घेऊन गेले. तुमसर, रामटेक, सावनेर, तिरोडी या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस खदानीवर गेलेला आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण त्यात आमचे पैसे गेले. ज्या सहल-एजंटाकडून आम्ही तिकिटे आणि मुक्कामाची व्यवस्था करून घेतली, त्याने ‘खाणीत उतरण्याचे शुल्क’ म्हणून माणशी ८०० रुपये वेगळे घेतले होते. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. पंप थांबल्यावर खालच्या बोगद्यांमध्ये पाणी भरले आणि पर्यटकाला पिंजऱ्यात बसवून खाली नेण्याची कोणतीही सोय तेथे नाही. बंद शाफ्टच्या, म्हणजे पिंजरा ज्यातून उतरतो त्या उभ्या विवराच्या, आवारातही शिरता येत नाही, जे पाहायचे ते रस्त्यावरून आणि कुंपणाबाहेरून पाहावे लागते. हे बंधन योग्यच आहे, कारण जुनी खदान किती दगाबाज असते हे आमच्याबरोबरच्या तिघांनाही ठाऊक होते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसांना खोटी आशा दाखवून पैसे घेणे मला फार लागले. परत आल्यावर तीन वेळा मागणी केली तेव्हा निम्मी रक्कम मिळाली. तेव्हा कोणी खाली उतरवण्याचे कबूल करत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

एजंटाची खरे तर गरजही नाही. नागपूरहून बेंगळुरूपर्यंत रेल्वेने जावे आणि तेथून मारीकुप्पमला जाणारी लोकल गाडी धरावी. अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे आहे. बंगारपेटला मुख्य मार्ग सोडून गाडी एका लहान फाट्यावर वळते आणि मग कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारीकुप्पम अशी स्थानके लागतात. खाणींची नावे स्थानकांना मिळालेली पाहून आमच्या काकांना गोबरवाहीची आठवण झाली. आपली तुमसर–तिरोडी लाइन जशी मॅंगनीजच्या वाघिणींमुळे आली, तसाच हा फाटाही खाणींसाठी टाकलेला आहे. आज मात्र या गाड्यांतून रोज हजारो माणसे पहाटे बेंगळुरूला कामासाठी जातात आणि रात्री परततात. आम्ही सकाळी उलट दिशेने जात होतो, त्यामुळे बसायला सहज जागा मिळाली.

गावात फिरण्यासाठी आम्ही स्थानकाबाहेर एक ऑटोरिक्षा दिवसभरासाठी १,४०० रुपयांना ठरवली, आणि या सबंध प्रवासातली सर्वांत चांगली सेवा कोणती असे विचाराल तर मी या रिक्षावाल्या दादांचेच नाव घेईन. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही खाणीत होते. हिंदी मोडकी असली तरी सांगण्याची ओढ मोठी होती. प्रत्येक शाफ्टपाशी ते रिक्षा थांबवत, बाबांना हात देऊन उतरवत आणि कुंपणापलीकडचे काय काय आहे ते बोट दाखवून समजावत. कोठेही घाई केली नाही, कोणत्या दुकानात नेऊन बसवले नाही आणि ठरल्यापेक्षा एक पैसाही जास्त मागितला नाही. ऐतिहासिक जागेवर वाटाड्याची अधिकृत सोय असावी असे मला वाटते आणि आम्हाला तेथे ती दिसली नाही. तिची उणीव या एका माणसाने भरून काढली.

त्या भागात सोने फार जुन्या काळापासून काढले जात होते. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने यंत्रांनिशी काम हाती घेतल्यावर माळरानाची खाणनगरी झाली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे ९२ मैल लांबीची तार ओढून येथे वीज आणली गेली, म्हणजे बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागण्याच्या तीन वर्षे आधी. ती वीज कामगारांसाठी आली असे समजण्याचे कारण नाही, ती यंत्रांसाठी आली. तरीही इंजिनावर जन्म घालवलेल्या बाबांना सोन्यापेक्षा या तारेचेच अप्रूप जास्त वाटले आणि त्यांनी दादांना ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. आपल्या पट्ट्यात मॅंगनीजसाठी १८९६ साली सिंडिकेट स्थापन झाले, म्हणजे दोन्हीकडच्या खदानी साधारण एकाच काळातल्या. पुढे कोलारच्या खाणी १९५६ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि आपल्याकडे १९६२ मध्ये तेच घडले.

चॅम्पियन रीफ या खाणीच्या बाजूला एका शाफ्टचे हेडगिअर, म्हणजे पिंजऱ्याचा दोर ज्याच्या चाकावरून फिरतो तो उंच सांगाडा, रस्त्यावरून स्वच्छ दिसते. त्यासमोर चहाची टपरी आहे. तेथे बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. दादांनी तमिळमध्ये आमची ओळख करून दिल्यावर ते उठून उभे राहिले आणि त्यांनी ‘जय भीम’ म्हटले. बाबांनीही हात जोडून ‘जय भीम’ म्हटले, आणि यापुढे दोघांपाशी एकही सामाईक शब्द उरला नाही. मग त्या गृहस्थांनी टपरीच्या लाकडी फळीवर बोटाच्या पेराने तीन ठोके दिले. बाबांनी तत्काळ आपल्या बाजूने तीन ठोके परत दिले. त्यांनी आणखी दोन दिले, तसा बाबांचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि नसलेला दांडा त्यांनी हळूच ढकलला. तीन घंट्या म्हणजे पिंजऱ्यात माणसे आहेत, इंजिनवाल्याने तीन परत दिल्या म्हणजे त्याला समजले, आणि मग दोन म्हणजे खाली सोड. देशभरच्या धातूंच्या खदानींत ही घंटी एकच असते. ते गृहस्थ शाफ्टच्या तोंडाशी घंटी देणारे होते आणि बाबा इंजिनावरचे. पुढचा अर्धा तास दोघे फळीवर ठोके देत बसले होते आणि चहा गार झाला तरी कोणाचे लक्ष नव्हते.

त्या गृहस्थांनी दादांच्या मार्फत उस्तादांचे म्हणणे थोडे दुरुस्तही केले. चॅम्पियन रीफ खाणीची खोली ३ किलोमीटरहून अधिक होती हे खरे, पण एका पिंजऱ्यात बसून तळापर्यंत जाता येत नसे. एक शाफ्ट उतरला की आतून चालत जाऊन दुसरा धरावा लागे. खाली खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाई, म्हणून थंड हवा यंत्राने आत सोडावी लागे. खडकावर दाब इतका असे की तो अचानक फुटे आणि वर वस्तीतल्या घरांची भांडी हालत. असा स्फोट झाला की खाली ज्यांची माणसे असत त्या बायका शाफ्टकडे धावत सुटत. हे ऐकताना आमचे दोन्ही काका गप्प झाले होते. खदानीचा पोंगा अवेळी वाजला की आमच्या गावातल्या बायका कशा धावत, हे मीही लहानपणी पाहिले आहे.

याच खोलीचा उपयोग शास्त्रज्ञांनी करून घेतला, हे मी शाळेतल्या मुलांसाठी मुद्दाम टिपून आणले. वरचा दोन किलोमीटरहून जास्त जाडीचा खडक इतर किरणांना अडवतो, म्हणून येथे खोल बोगद्यात उपकरणे बसवून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपान आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांसह प्रयोग केले, आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या, खडकही आरपार भेदून जाणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद जगात अगदी प्रथम जेथे झाली त्या दोन ठिकाणांपैकी हे एक आहे. आम्ही जेथे जेथे थांबलो तेथे याचा फलक मला कोठे आढळला नाही. एक साधा फलक तरी असावयास हवा होता.

डोंगर पाहायचे म्हणून कोणी येथे आले तर त्याला आधी दिसतील ते माणसाने रचलेले डोंगर. गावाच्या अंगावर आल्यासारखे करडे-पिवळे, सपाट माथ्याचे ढीग उभे आहेत आणि पावसाच्या पाण्याने त्यांच्या कडांवर खोल घळी पडल्या आहेत. लोक त्यांना सायनाइडचे ढीग म्हणतात. मॅंगनीजचा दगड काळा, जड, हाताने निवडता येणारा असतो. माझ्या आत्याने तो डोक्यावर टोपली घेऊन वर्षानुवर्षे निवडला. सोन्याच्या दगडात सोने डोळ्यांना दिसतच नाही. तो पिठासारखा दळून सायनाइडच्या पाण्यात घोळतात, त्यात सोने विरघळते, मग जस्ताच्या साहाय्याने ते वेगळे करतात आणि उरलेली वाळू बाहेर टाकतात. सुरुवातीला एक टन दगडामागे चाळीस ग्रॅमहून जास्त सोने मिळत असे, शेवटच्या काळात ते तीन-चार ग्रॅमवर आले. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने बाहेर गेले आणि ही तीन कोटी टनांहून अधिक वाळू गावात राहिली. आम्ही गेलो तेव्हा रिमझिम होती, म्हणून त्रास झाला नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की ही धूळ घराघरांत जाते, असे सर्वांनी सांगितले. ढिगांवर चढून छायाचित्रे काढणारी तरुण मुले आम्ही पाहिली. कृपा करून कोणीही तसे करू नये, लहान मुलांना तर जवळही नेऊ नये.

कामगारांच्या वस्त्या, ज्यांना तेथे ‘लाइन’ म्हणतात, पाहताना वेळ राखून ठेवावा. एकाला एक लागून असलेल्या ठेंगण्या खोल्या, समोर अरुंद गल्ली, दारात रांगोळी आणि बहुतेक गल्ल्यांच्या तोंडाशी बाबासाहेबांचे चित्र किंवा पुतळा. कामगार मुख्यतः तमिळ मुलखातून आलेले, आणि त्यांत दलितांची संख्या मोठी. रिपब्लिकन पक्षाचा आमदार या मतदारसंघातून एकाहून अधिक वेळा निवडून आलेला आहे, हे ऐकून नागपूर-भंडाऱ्याकडच्या माणसाला परके वाटणे शक्यच नाही. येथून थोड्याच अंतरावर साहेबांचे बंगले, त्यांचा क्लब आणि गोल्फचे मैदान आहे. आमच्या खदानीवरही टेकडीवरचा बंगला आणि खालची चाळ असे दोन भाग होतेच. फरक इतकाच की येथे बंगलेही आता पडू लागले आहेत आणि लाइनमध्ये मात्र माणसे राहत आहेत.

जेवणाची सोय रॉबर्टसनपेटच्या बाजारपेठेत उत्तम होते. आम्ही एका लहान खानावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम आणि दोन भाज्या असे जेवण ९० रुपयांत घेतले आणि भात हवा तेवढा वाढला. आम्ही धानपट्ट्यातली माणसे, त्यामुळे भाकरीवाचून अडले नाही. सोबत नेलेल्या जवसाच्या चटणीचा डबा बाबांनी पानावर उघडला, तेव्हा खानावळीच्या मालकांनी चाखायला मागून घेतली आणि नंतर वाटीभर ठेवूनही घेतली. मुक्कामाची खोली ठाकठीक होती, पण स्नानाला गरम पाणी सांगून अर्ध्या तासाने मिळाले आणि जिन्याला कठडा नव्हता. वयस्कर माणसे सोबत असतील तर मुक्काम बेंगळुरूलाच करावा आणि येथे दिवसभरासाठी यावे.

खाणीशी संबंध नसलेल्या माणसाला येथे अर्धा दिवस पुरेल. सोन्याचा झगमगाट, संग्रहालय, मार्गदर्शक फलक अशी अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. ज्यांच्या घरात कोणी शिफ्ट केली आहे, त्यांनी पूर्ण दिवस द्यावा आणि शाफ्टसमोरच्या टपऱ्यांवर बसायला वेळ ठेवावा, कारण खदान आता तेथेच बोलते. बुटांचे तळ जाड असावेत, पिण्याचे पाणी आणि नाकाला बांधायला स्वच्छ रुमाल जवळ असावा. संध्याकाळी बेंगळुरूकडे जाणारी गाडी मारीकुप्पमहूनच सुटते, म्हणून दादांनी आम्हाला ऊरगामऐवजी थेट तेथे नेऊन सोडले. खिडकीची जागा मिळाली आणि चॅम्पियनवरून गाडी पुढे सरकेपर्यंत बाबा त्या हेडगिअरच्या चाकाकडे पाहत होते.