चौघांच्या घराला गीझर किती लिटरचा?
ठाण्यात नौपाड्यातील ज्या दुकानातून आम्ही गीझर घेतला, तेथील विक्रेत्याने किंमत सांगण्याआधी घरात माणसे किती, आंघोळ बादलीने की शॉवरने आणि सकाळी एकामागोमाग किती जण आंघोळीला जातात, हे विचारले. पंचवीस लिटरचा महाग गीझर गळ्यात न मारता त्यांनी कागदावर हिशेब मांडला, हे मला विशेष भावले. नळाचे पाणी 25 अंशांचे धरले, तर 60 अंशांपर्यंत तापलेल्या 15 लिटर पाण्यात गार पाणी मिसळून 40 अंशांचे सुमारे 35 लिटर पाणी मिळते, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. आणि 2 किलोवॉटचा गीझर पुन्हा तेवढेच पाणी वीसेक मिनिटांत तापवतो. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना एवढे पुरते. सगळे शॉवरखाली उभे राहणारे असतील, तर मात्र 25 लिटरचाच घ्यावा. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर स्वयंपाकघरातील सिंकला उत्तम.

घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: गच्चीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो, त्यामुळे खालच्या मजल्यांवर 8 बार दाब सोसणारी टाकी असलेला गीझरच घ्यावा. दुकानाविषयी तक्रार एकच, जोडणीच्या नळ्यांचे पैसे वेगळे पडतात, हे बिल करण्यापूर्वीच सांगायला हवे होते.