नावाजलेली अकादमी की रेशीमबागचे सर?

क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरांचे फलक लागले की नागपुरात बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत ओळखीतला प्रत्येक बाप एकच विचारतो, "पोट्ट्याला कुठं टाकू?" माझा मुलगा 13 वर्षांचा, फास्ट बोलर (निदान त्याचं तसं म्हणणं आहे). दीड वर्ष तो एका नावाजलेल्या अकादमीत होता, गेलं वर्षभर रेशीमबाग मैदानावर एका सरांकडे जातो. दोन्हीकडे कडेला उभं राहून जे पाहिलं ते सांगतो.

सोयींची तर बरोबरीच नाही. अकादमीत टर्फ विकेट (गवत-मातीची खेळपट्टी), बोलिंग मशीन, दिवे, मोबाइलवर व्हिडिओ. सरांकडे मॅटिंग (चटई अंथरलेली खेळपट्टी), दोन नेट, त्यातलं एक फाटकं, आणि जूनमध्ये झड लागली की सुट्टी. अकादमीची फी सरांच्या तिप्पट. मात्र ज्या माजी खेळाडूचं नाव पाहून आपण ती भरतो, तो पंधरवड्यातून एकदा दिसतो. रोज शिकवतो तो विशीतला पोरगा, आणि त्याच्या एकेका नेटमध्ये बारा-पंधरा जण. त्याचा दोष नाही, एवढ्यांत कोणाकडे बघेल तो?

माझ्या मुलाची पाठ दुखायला लागली तेव्हा मी तिथे विचारलं, हा आठवड्यात किती चेंडू टाकतो? उत्तर आलं, "भरपूर टाकतो, काळजी करू नका." डॉक्टरांनी सहा आठवडे बोलिंग बंद करायला लावली. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला पडणारी बारीक चीर हा फास्ट बोलरांचा जुना रोग. सुदैवाने आमचं तिथवर गेलं नव्हतं. याच कारणाने इंग्लंडच्या बोर्डाने 13 वर्षांपर्यंतच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 5 आणि दिवसात 10 षटकांची मर्यादा घातली. 14-15 वर्षांच्यांना 6 आणि 12. चेंडूचंही तसंच. 13 वर्षांखालच्या पोरांसाठी क्रिकेटच्या नियमांतच 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू आहे, मोठ्या पुरुषांचा 156 ते 163 ग्रॅमचा. अकादमीत सगळ्यांच्या हातात मोठाच.

सरांकडे एक शंभरपानी वही आहे. स्कूटरच्या सीटवर ठेवून ते तिच्यात उभ्या रेघा मारतात, सहा चेंडू झाले की आडवी. एकदा माझ्यासमोर त्यांनी मुलाला मधेच थांबवलं.

"काऊन बे, आज रनअप आखडून राहिला?"

"नाही सर."

"पाठ दुखून राहिली का?"

पोरगा गप्प.

"जा, बूट काढ अन् माझ्याजवळ बसून स्कोर लिही."

घरी त्याने आम्हाला पाठीचं अक्षरही सांगितलं नव्हतं. चेंडू पडल्यावर सर आधी विचारतात, "तुला काय वाटलं?", मग स्वतः बोलतात. कधीकधी बोलतच नाहीत. सुरुवातीला मला हा कामचुकारपणा वाटला होता, कारण अकादमीत प्रत्येक चेंडूला सूचना मिळायची आणि फी वसूल झाल्यासारखी वाटायची.

अर्थात सर म्हणजे देव नव्हेत. वेळेचं गणित कच्चं, आवाज चढतो, आणि बॅटिंगमधलं त्यांना बेताचंच कळतं. मुलगा बॅट्समन असता तर मी अकादमी सोडली नसती; टर्फवर चेंडू कसा येतो ते मॅटिंगवर शिकता येत नाही.

शिकवणारा आणि पाठीशी उभा राहणारा, ही माणसं वेगळी असू शकतात. पुढे भारताचा फास्ट बोलर झालेला खापरखेड्याचा उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळायचा. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा वेग पाहून त्याच्यासाठी शब्द टाकला आणि 2008 मध्ये तो रणजी खेळला. चेंडूवर ताबा आणायचं काम पुढे सुब्रतो बॅनर्जींसारख्या प्रशिक्षकांनी केलं. 2017-18 मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा चंद्रकांत पंडित कडक शिस्तीचे प्रशिक्षक होते आणि वसीम जाफर संघातलाच वडीलधारा. म्हणून तुमचा मुलगा अकादमीत असेल आणि शाळेतले खेळाचे सर किंवा क्लबातला एखादा सिनियर पोराशी मोकळेपणी बोलत असेल, तर तेवढ्यासाठी अकादमी बदलू नका.

आणखी एक बघा: तो माणूस पोराला पुढे सोडतो का? आपल्या नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीसाठी साताऱ्याला गेला आणि 2023 मध्ये बर्लिनला 150 पैकी 150 गुण मारून जगज्जेता झाला. "माझा पोट्टा" म्हणून धरून ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "सोळाच्या आत याला टर्फवर न्या, माझ्याकडे तोवरच." विजय मर्चंट करंडक 16 वर्षांखालच्यांचा असतो, म्हणजे निवडीचा विचार असेल तर आमच्या हातात दोन वर्षं आहेत.

ठरवायच्या आधी दोन्हीकडे मंगळवार-बुधवारी, न सांगता, सकाळी साडेपाचला जाऊन उभे राहा. रविवारी सगळेच चांगलं शिकवतात. सर्वात कच्च्या पोराशी कोण किती वेळ बोलतं ते घड्याळ लावून बघा. तुमचा मुलगाही कधीतरी त्या नेटमधला सर्वात कच्चा असणार आहे. आमचा गेल्या आठवड्यापर्यंत होता.