शनिवारची संध्याकाळ: धरमपेठ की सिव्हिल लाइन्स?

बाहेरगावचा पाहुणा असो की पुण्याहून सुट्टीला आलेली लेक, शनिवारी संध्याकाळी कुठं न्यायचं म्हटलं की आमच्या पश्चिम नागपुरात दोनच नावं पुढं येतात. एक म्हणजे धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर हा सगळा पट्टा. दुसरं सिव्हिल लाइन्स आणि त्याला लागून असलेलं सदर. अंतर फार नाही, तरी एका संध्याकाळी दोन्ही उरकायला जाऊ नये, निम्मा वेळ सिग्नलवर आणि गाडी लावण्यात जातो. मी धरमपेठेत राहिलो आहे आणि सिव्हिल लाइन्समध्ये नाटकं-गाणी ऐकत आलो आहे, तेव्हा जे सांगतो ते अनुभवाचं. मोजमाप करून कुणी ठरवलेलं नाही.

खाण्याच्या बाबतीत धरमपेठेला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. लॉ कॉलेज चौकापासून शंकरनगरपर्यंत वेस्ट हायकोर्ट रोडवर आणि आतल्या गल्ल्यांमध्ये कॅफे, आइस्क्रीम, चाट, सगळं आहे. गोकुळपेठ बाजाराच्या बाजूला वळलात तर तर्री घातलेला आलुबोंडा आणि थंडीच्या दिवसांत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी. लहान मुलं सोबत असली तर ट्रॅफिक पार्क हाताशी आहे. थोडं पुढं गेलं की फुटाळा, तिथं भुट्टा खात मावळतीकडं बघत बसायला आजही मजा येते. आणि धरमपेठेत फक्त खायला जातात असंही नाही. शंकरनगरच्या साई सभागृहात व्याख्यानं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात, मेट्रोचं स्टेशन शंकरनगर चौकातच आहे, त्यामुळे गाडी घरी ठेवूनही जाता येतं.

मग अडतं कुठं? माझं अडलं ते चालण्यावर. धरमपेठेत संध्याकाळी दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही. फुटपाथ आहेत, पण त्यांवर दुचाक्या उभ्या असतात, दुकानांच्या पाट्या पुढं आलेल्या असतात, कुठं ठेल्याभोवती गर्दी असते. मग खाली उतरायचं, आणि खाली मागून गाड्या. पुढचा माणूस पुढं, मागचा मागं, अशी एकामागून एक वाट काढावी लागते आणि बोलणं मान वळवून, ओरडून. आई सोबत असली की तिचा हात धरूनच चालावं लागतं आणि सगळं लक्ष तिच्या पायांकडं. कार्यक्रम सुंदर झालेला असतो, गायकानं भैरवी आळवलेली असते, आणि बाहेर पडल्यावर पहिलं वाक्य निघतं ते ‘सांभाळ, गाडी येतेय’. कॅफेत बसावं म्हटलं तर आत संगीत इतकं मोठ्यानं की समोरच्याचं ऐकायला टेबलावर वाकावं लागतं, आणि शनिवारी दाराशी लोक जागेची वाट बघत उभे असल्यानं निवांत बसवत नाही. मला तरी बाहेर पडण्यातला अर्धा आनंद पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीबद्दल बोलण्यात असतो. तोच तिथं हातून जातो.

सिव्हिल लाइन्समध्ये रुंद रस्ते, जुनी झाडं आणि मोठी आवारं आहेत. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातून बाहेर पडलं की गाडीपर्यंतचा रस्ताच गप्पांचा होतो. ज्यांचं नाव या सभागृहाला आहे, त्या वसंतरावांनी याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलं, हे तरुण मुलांना चालता चालता सांगता येतं. हायकोर्टाची इमारत बाहेरून बघावी ती उन्हं उतरताना. हेन्री मेड या वास्तुरचनाकाराची, 1940 साली सुरू झालेली. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती तिथं आहेत. आपल्याकडचे बरेच लोक शाळेच्या सहलीनंतर तिथं पुन्हा गेलेलेच नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमदार निवासासमोर दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. थंडीत तिथं हस्तकलेचा मेळा भरतो. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर स्वतः दुकानावर बसलेले असतात, रंग कसा बनतो, विणायला किती दिवस लागतात हे विचारलं तर आनंदानं सांगतात. माझ्या बायकोनं एका विणकराशी इतक्या गप्पा मारल्या की शेवटी त्यानंच आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. हे मला दुसरीकडं क्वचितच अनुभवायला मिळालं आहे.

उणिवा इथंही आहेत आणि त्या लहान नाहीत. खायला आसपास फारसं काही नाही. सदरला रेसिडेन्सी रोडवर भरपूर आहे, पण त्यासाठी पुन्हा गाडी काढायची. रात्री दहानंतर रस्ते सुनसान होतात. मुलीबाळी एकट्या जाणार असतील तर मी धरमपेठच सुचवीन, तिथं जाग असते. सातचं नाटक संपेपर्यंत मेट्रोची शेवटची गाडी निघून जाण्याची शक्यता असते, आणि झिरो माइल स्टेशन सभागृहापासून तसं लांबच, ऑटो करावाच लागतो. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की ऐन फिरण्याच्या दिवसांत रस्त्यांवर बॅरिकेड लागतात, पोलीस कुठं वळायला सांगतील याचा नेम नसतो.

मित्रांचा मोठा घोळका असेल, पोरं लहान असतील, किंवा खाणं हाच मुख्य बेत असेल तर धरमपेठ. त्यात दुमत असू नये. पण दोघंच असाल, किंवा आईवडिलांना घेऊन जायचं असेल, आणि काही बघून-ऐकून त्यावर बोलत घरी यायचं असेल, तर माझं मत विचाराल तर सिव्हिल लाइन्स. कुणाला माझी अडचण क्षुल्लक वाटेल. तरुणांना गर्दीतच बरं वाटतं, तेही खरंच आहे.

जाणारच असाल तर अजब बंगला दुपारी गाठा, तो संध्याकाळपर्यंत उघडा राहत नाही आणि सोमवारी बंद असतो. नाटकाला बसण्याआधी, सहाच्या सुमारास सदरला पोटभर खाऊन घ्या, म्हणजे नंतर भुकेपायी घाई होत नाही. परतीच्या ऑटोचं आधीच ठरवा. डिसेंबरचा बेत असेल तर अधिवेशनाच्या तारखा बघून तो शनिवार सोडा, आणि हस्तकलेचा मेळा त्या सुमारास लागला असेल तर दुसरा शनिवार त्याच्यासाठी राखून ठेवा.