ॲसिटोन की एमईके?

वाळलेला गोंद किंवा जुना रंग काढायला ही दोन्ही द्रावकं चालतात, फरक उडून जाण्याच्या वेगाचा. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे फडक्यावर घेतलं की बोटं गार पडतात आणि पुसायच्या आत ते उडून जातं. मिथाइल इथाइल कीटोन, म्हणजे एमईके, ८० अंशांवालं. जरा रेंगाळतं, म्हणून मोठ्या पृष्ठभागाला मला तेच बरं वाटतं. कारखान्यात ॲसिटोन क्युमीन नावाच्या हायड्रोकार्बनपासून, फिनॉल या दुसऱ्या रसायनाच्या जोडीने निघतं. एमईके ब्युटेनॉलमधला हायड्रोजन काढून.

आगीच्या बाबतीत दोन्ही सारखीच वाह्यात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो, शून्याच्याही खाली, ॲसिटोनचा तर उणे २० अंश. वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. आणि हो, फायबरग्लासवाल्यांकडचं एमईके पेरॉक्साइड, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, हे एमईके नव्हे. ते पेरॉक्साइड ॲसिटोनमध्ये मिसळलं तर स्फोटाचा धोका.